काळी पूड भिजवून ठेवावी

दशरथराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून बत्तीस वर्षांनी निवृत्त झाले आणि घरी बसले. कांताबाईंनी नवऱ्याला तीन आठवडे सहन केलं. चौथ्या आठवड्यात चार ठिकाणी शब्द टाकून त्याला पाषाणच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटवलं. "ही नोकरी घालवलीत तर परत इकडे येऊ नका," असा आशीर्वादही दिला.

तिथे अक्षता मॅडम कार्बनच्या नॅनोनळ्या बनवत. पन्नास हजार नळ्या शेजारीशेजारी मांडल्या तर केसाएवढी जाडी. ताकद मात्र पोलादाला लाजवणारी. विमानापासून मोबाइलच्या बॅटरीपर्यंत त्या सगळीकडे घुसणार होत्या. तूर्तास दोन महिन्यांच्या मेहनतीनंतर त्या बशीभर काजळी होऊन टेबलावर पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हिंजवडीहून कंपनीवाले बघायला येणार होते.

संध्याकाळी कुलूप लावताना दशरथरावांना ती बशी दिसली. काळी पूड, उघडी, वाली नाही! कारखान्याचा नियम त्यांच्या हाडात मुरला होता: बेवारस काळी पूड दिसली की पाण्यात. त्यांनी ती बादलीत ओतली. पूड बेशरमपणे तरंगू लागली. मग त्यांनी मूठभर कपड्याचा साबण टाकून अर्धा तास ढवळलं. पाणी शाईसारखं झालं तेव्हा ते निर्धास्त घरी गेले.

सकाळी बादली बघून मॅडम खालीच बसल्या.

"काका, हे काय केलंत?"

"स्फोट टाळला."

"अहो, ती दारू नव्हती!"

"आधी सगळे असंच म्हणतात."

"कंपनीवाले गेले की तुम्हीही जा. कायमचे!"

दशरथरावांच्या डोळ्यांपुढे कांताबाई उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षं बारुदाशेजारी काढलेला माणूस मुकाट बादलीची कड पुसू लागला.

कंपनीचे अनंतराव आले, बादलीवर वाकले ते वाकलेच. तळाला गाळ नाही, वर तवंग नाही.

"अमेझिंग! आमच्याकडे नळ्या पाण्यात टाकल्या की नुसते गोळे होतात. सहा महिने आमची टीम डोकं फोडतेय. साबण कुठला वापरलात?"

मॅडमनी दशरथरावांकडे बघितलं.

"मंडईतला. सुटा मिळतो," दशरथराव म्हणाले.

अनंतरावांनी ते गंभीरपणे लॅपटॉपवर टिपून घेतलं आणि आणखी दोन बादल्या मागितल्या.

ते गेल्यावर मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "काका, उद्या आठला या."

"मी तर कायमचा जाणार होतो."

"या म्हटलं ना!"

"लेखी द्या," दशरथराव म्हणाले. "आमच्या घरी तोंडी चालत नाही."