बुलेटसाठी मास्तर

गोरेगावात माणसं बैल घेताना दात बघतात, शेपूट बघतात, धन्याची चौकशी करतात. शिवहारनं कुत्रं घेताना फक्त किंमत बघितली, ती जास्त होती म्हणून घेतलं. कृषी सेवा केंद्र चांगलं चाललं होतं, दारात चारचाकी आली होती, जर्मन शेफर्ड तेवढा राहिला होता. त्याचं नाव बुलेट ठेवलं आणि शिवहारचं काम संपलं. बाटलीनं दूध पाजण्यापासून पुढचं सगळं बायकोच्या, अंजलीच्या, अंगावर पडलं. दिवसभर दुकानापुढच्या खांबाला बांधलेला बुलेट गिऱ्हाइकांवर धावू लागला. एका म्हाताऱ्याचं धोतर फाटलं तेव्हा कुठं कुत्रं बिघडल्याचं मालकाला कळलं.

"मास्तर लावून बघू," शिवहार म्हणाला. "सुधरलं तर ठीक, न्हाई तर सिद्धेश्वरच्या धरणावर सोडून येतो."

असल्या बाबतीत तो शब्दाचा पक्का आहे, हे अंजलीला माहीत होतं.

आधी हिंगोलीहून कुत्र्यांना शिकवणाऱ्या सबीहा मॅडम आल्या. कुठं शिकल्या, कुणाच्या हाताखाली काम केलं, हे त्यांनी न विचारता सांगितलं. खात्री करून घ्या म्हणून जुन्या मालकांचे नंबरही दिले. पण त्या स्कूटीवरून आल्या होत्या, इथंच शिवहारचं मन उडालं. त्यात त्यांनी आवाज चढवला नाही. लांब, तिरप्या उभ्या राहून उकडलेल्या कलेजीचे तुकडे टाकत राहिल्या, आणि बुलेट भुंकायचा थांबून ते खाऊ लागला.

"डॉक्टरला दाखवलंय का? फिरायला कोण नेतं? दिवसभर बांधून का ठेवता?" त्यांनी विचारलं.

"कुत्रं बिघडलंय का मी?"

"कुत्रं घाबरलंय. शिकवताना तुम्ही दोघांनी समोर राहायचं. तुम्ही तर नक्कीच."

शिवहारचा दोस्त वैजनाथ खुर्चीत बसून बघत होता. "हे ट्रेनिंग हाय का डोहाळजेवण?" तो म्हणाला. मॅडमना चहा पाजून वाटेला लावलं.

मग वैजनाथच्या शिफारशीनं सगळे बुलेटला घेऊन आखाडा बाळापूरला भुजंग सरांकडे गेले. काळा गॉगल, कमांडोची पँट, मोबाइलवर रील. भिंतभर प्रमाणपत्रं होती. ती देणाऱ्या संस्थेचे संस्थापक, परीक्षक आणि आजवरचे एकमेव उत्तीर्ण विद्यार्थी भुजंग सरच होते. शिवहारला फ्रेमा फार आवडल्या.

"कुत्रं इथं सोडा. महिनाभर तोंड दाखवू नका," सर म्हणाले.

"आमी बघायला आलो तर?" अंजलीनं विचारलं.

"बघायचं काय त्यात?"

"चुकलं तर काय करता?"

सरांनी खिळ्यांचा पट्टा काढून दाखवला. "एक हिसका. बराबर समजतंय."

"अन् बराबर केलं तर?"

सरांनी गॉगल काढला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "बराबर केलं तर काय? बराबर करायलाच पाहिजे की."

शिवहार आणि वैजनाथनं माना डोलावल्या. त्यांची शाळा आणि संसार याच तत्त्वावर चालले होते.

सरांनी पट्टा अडकवून हिसका दिला. बुलेट जमिनीला चिकटला. कान पडले, शेपूट पोटाखाली गेलं, आणि खालची फरशी ओली झाली.

"बघा. लागली शिस्त."

"वा," वैजनाथ म्हणाला. "साहेबापुढं तलाठी बी असा बसत न्हाई."

अंजलीनं खाली बसून पट्टा काढला आणि साखळी हातात घेतली. "चला."

"काहून?" शिवहार म्हणाला. "शांत झालाय की."

"मुतलाय तो भिऊन. मास्तर मी ठरवलाय, सबीहा मॅडमच. धरणावर सोडायचं असलं तर आमा दोघांना सोडा. तिथून मला माहेरची जीप भेटते."

शिवहारनं वैजनाथकडं बघितलं. वैजनाथ फ्रेमा वाचू लागला.

आठवड्यानं सबीहा मॅडम पुन्हा दुकानापुढं उभ्या होत्या. खांब मोकळा होता. एक गिऱ्हाईक समोरून बियाण्याची पिशवी घेऊन गेलं. बुलेटचे कान उभे राहिले, पण तो भुंकला नाही. त्यानं मान वर करून शिवहारकडं बघितलं.

"आता लगेच म्हणा, शाब्बास," मॅडम म्हणाल्या.

शिवहारनं घसा खाकरला. रस्त्यावर वैजनाथ नाही ना, हे बघून घेतलं. मग थकबाकी मागावी तशा आवाजात तो म्हणाला, "शाब्बास."

आपल्यामागं आणखी कुणी उभं आहे का, हे बुलेटनं वळून बघितलं. दुकानाच्या पायरीवरून अंजलीनंही तसंच मागं वळून बघितलं.