पोलीस पाटलाची बदली

म्हात्रे कोल्ड स्टोरेजच्या मागच्या अंगाला आठ बाय दहाची एक खोली होती, कायम गार. दुपारचा डबा विनिता तिथेच खायची. तिथे बसलं की बाहेरचं ऊन, दिवा गावातली पाण्याच्या टँकरची रांग आणि स्वतःची सेहेचाळीस वर्षं, तिन्ही विसरायला होत. खोलीत एक काळं लोखंडी कपाट. त्याचं एकसुरी घुमणं ऐकता ऐकता तिचे डोळे हमखास मिटत. झोप नव्हे, झोपेच्या उंबऱ्यावर बसून आत डोकावणं म्हणा हवं तर.

त्या कपाटात एकोणीस मशीनं राहत होती. हात लावायला गेलात तर खोकी तीनच. पण त्या तिघांच्या पोटात एकोणीस बिऱ्हाडं, चाळीतल्यासारखी, भिंतीला भिंत लावून. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते हेच. एक बिलं करायचं, एक गाड्यांच्या वेळा ठेवायचं, एक कोल्ड रूमच्या थंडीवर डोळा ठेवून असायचं. आणि एकाला विनिता पोलीस पाटील म्हणायची. गावात कोण आपला, कोण उपरा हे पोलीस पाटलाला विचारावं, तसं बाकीची सगळी याला विचारत, हा माणूस आपला का, याला आत घेऊ का? अकरा वर्षांपूर्वी नोकरीला लागल्यावर तिने पहिल्यांदा उभं केलं ते हेच मशीन. त्याच्यावर तिचा जीव होता. लोक हसतील, हसोत बापडे.

आता खोकी म्हातारी झाली होती आणि एकोणीस जणांचं काय करायचं हा प्रश्न आला होता. मालकांचा मुलगा मयूर घोडबंदर रोडला तेविसाव्या मजल्यावर राहतो. तो म्हणाला, "मॅडम, सगळं क्लाउडवर टाका ना. दुसऱ्याची बिल्डिंग, दुसऱ्याची लाइट, दुसऱ्याचा वॉचमन. आपल्याला काय टेन्शन?" मालकांना, म्हणजे काळुरामशेटांना, 'वर पाठवायचं' हा शब्दच अशुभ वाटला. त्यांच्या कितीतरी पिढ्या मिठागरात गेलेल्या. "माजी वस्तू माज्या घरात," ते म्हणाले. "मना हात लावता आला पायजे." बापलेकांचं जमेना, तेव्हा दोघांनी विनितावर टाकलं. काही इथे, काही वर, असा मधला रस्ता तिने काढायचा. तो दसऱ्यापर्यंत धड चालला तर खोली राहील. नाहीतर कपाट भंगारात आणि सगळा कारभार बाहेरच्या कंपनीकडे. म्हणजे विनिता घरी, एवढं मयूरने बोलून दाखवलं नाही.

मग पंधरा दिवस ती डबा खाऊन डोळे मिटायची आणि त्या चाळीच्या गॅलरीतून एकेक दार वाजवत फिरायची. तू जातोस का रे वर? बिलांचं मशीन पिशवी भरून तयारच होतं. महिनाअखेरीला त्याचा जीव जातो, वर गेलं की लागेल तेवढी जागा मिळते. कोल्ड रूमची दारं उघडणारं, तिथल्या जागा राखणारं मशीनही निघालं, कारण फुलवाले हल्ली मोबाइलवरून जागा धरतात, त्यांना ते कुठूनही भेटायला हवं. थंडीवर डोळा ठेवणारं मात्र जागचं हललं नाही. म्हणालं, खाडीकडेला वादळवाऱ्यात नेट जातं, मी वर असलो तर इथली थंडी कोण बघेल? बरोबर होतं त्याचं. तीन दारांआडून कुणी ओ दिलीच नाही; ती मशीनं कुणाची, हे ऑफिसात कुणालाच सांगता आलं नाही. ती बंद झाली.

पोलीस पाटलाचं दार तिने वाजवलंच नाही. तो इथेच राहणार. कागदावर तिने त्याची चार कारणं लिहिली, चारही सभ्य. पाचवं लिहिलं नाही.

महिनाभर सगळं लोण्यासारखं चाललं. वरची मशीनं वरून विचारत, पोलीस पाटील खालून सांगे, क्षणात दार उघडे. मयूरसुद्धा म्हणाला, "मस्त आहे, मॅडम."

मग खंडेनवमी आली. या दिवशी म्हात्र्यांकडे अवजारांना विश्रांती. कॉम्प्रेसर तेवढा चालू, नाहीतर मालच नासायचा. बाकी वजनकाटा, गाड्या, कपाट, सगळं बंद करून, पुसून, हळदकुंकू, झेंडू, नारळ. एकदा पूजा झाली की दसऱ्याचं उजाडेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत हे मोडलेलं नव्हतं. त्या दिवशी थंडीची नोंद वॉचमन वहीत करायचा आणि फुलवाल्यांना दार उघडून द्यायचा. कपाट बंद करायचा मान विनिताचा. अकरा वर्षांच्या सवयीने तिने साडेदहाला एकेक बिऱ्हाड निजवलं, शेवटी पोलीस पाटील. घुमणं थांबलं. काळुरामशेटांनी हळद लावली, वर एक टपोरं फूल ठेवलं. खोली इतकी शांत झाली की तिला आपण पाण्याखाली आहोत असं वाटलं, आणि ते छान वाटलं.

बारा वाजता रखमाबाई खोलीच्या दाराशी आली. डोंबिवली पूर्वेला फुलं विकणारी, भाव चढायच्या आत बारा बायकांनी मिळून घेतलेला झेंडू दोन नंबरच्या कोल्ड रूममध्ये ठेवणारी. "ताई, दार उघडंना गं. कार्ड लावलं तर लाल लाइट दावतंय. टेम्पो उभा हाय, बाया तिकडं पाट्या मांडून बसल्यात."

विनिताने वळून बंद कपाटाकडे पाहिलं. गेल्या वर्षापर्यंत त्या दारांना कुलपं होती. मे महिन्यात मयूरने कार्डाची दारं बसवली. आता दारांचं मशीन वर जागं होतं आणि खाली विचारत होतं, ही बाई आपली का? आणि ज्याने सांगायचं तो हळदकुंकू लावून निजला होता. तिनेच निजवला होता. पूजा तिला पाठ, मशीनं तिला पाठ. फक्त दोन्ही एकत्र आठवायची बुद्धी झाली नाही.

दार हाताने उघडायची जादा चावी मयूरच्या घरी. त्याने फोनवर सांगितलं, "मी निघतोय, पण घोडबंदर पूर्ण जाम आहे. तीन तास धरा." तीन तासांनी बाजार उठलेला असणार. खंडेनवमीच्या दुपारी न विकलेलं फूल दसऱ्याच्या संध्याकाळी गाईपुढे टाकायचं.

ती काळुरामशेटांकडे गेली. "शेट, चूक माझी आहे. पाटील आत्ता उठवला तर दहा मिनिटांत दार उघडेल. उठवू?"

शेट नारळाचे तुकडे करत होते. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा तुकडे करू लागले. पूजा मोडा असं रखमाबाई कुठल्या तोंडाने म्हणणार? डोक्यावरची चुंबळ काढून ती पायरीवर बसली.

विनिता वळली, खोलीत गेली, कपाटावरचं फूल उचलून पदराला बांधलं आणि बटण दाबलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. आधी एक खोकं कण्हलं, मग दुसरं, मग सबंध चाळ डोळे चोळत उठू लागली. नवव्या मिनिटाला पोलीस पाटील जागा झाला. बाहेर दार सुटल्याचा आवाज आला, पांढरा गारवा जमिनीवरून वाहत आला आणि त्यामागून झेंडूचा वास, इतका की क्षणभर सगळं आवारच तरंगल्यासारखं झालं. रखमाबाई पोती मोजायलाही थांबली नाही.

काळुरामशेट मागे येऊन उभे राहिले होते. "माजा बापूस नवमीला फावऱ्याची पूजा करी," ते म्हणाले. "एका वर्साला पूजा झाली आनी उधान आलं. बांधाला खांड गेली. त्यानं तेच फावरं उचललं, हलद लागलेलं. आयस वरडली. तो बोलला, बांध फुटल्यावर फावरं निजवून काय करू?"

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"तू उचलतंस का बगत होतू."

मयूर साडेतीनला घामाघूम होऊन पोचला. "बघितलं ना? म्हणून सांगत होतो, सगळंच वर टाका."

विनिताला तेव्हा गप्प राहता आलं असतं. दार उघडलं होतं, दसरा पार पडणार होता, खोली वाचली असती. पण त्या नऊ मिनिटांत पायरीवर बसलेली रखमाबाई तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"सगळं नाही," ती म्हणाली. "थंडीवर डोळा ठेवणारा इथेच राहील. पण पोलीस पाटील वर जाईल. ज्याच्या शब्दावर सगळ्यांची दारं उघडतात, त्याला मी माझ्या हौसेसाठी इथे ठेवला होता. नेट गेलं तर अडू नये म्हणून त्याची एक नक्कल इथे राहील. नक्कलच." हे बोलताना तिला इतकं वाईट वाटलं, की तिने दोघांकडेही बघितलं नाही.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी तिने बदली केली. चाळीस मिनिटं लागली. कुणाला पत्ताही लागला नाही. एका मासळीवाल्याने कार्ड लावलं, वरून कुणीतरी हो म्हटलं, तो खोकी घेऊन निघून गेला. कपाट होतं तसंच घुमत होतं, जरा हलक्या आवाजात. विनिता खुर्चीवर बसून रडू लागली. मशीनसाठी रडतो आपण, या विचाराने तिला हसू आलं आणि रडू थांबेना.

काळुरामशेट दारात आले. "गेला?"

"गेला."

"दार उघडतंय ना?"

"उघडतंय."

"मग रड थोडी," ते म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन तिची वाट बघत बसले. "झालं का सांग. च्या सांगतू."