बर्तलोच्या डब्यातली दोन काडतुसं

बसा मास्तर, ग्लास भरून घ्या. आज तुम्हाला लेफ्टनंट बर्तलोची गोष्ट सांगतो. शाळेत पोरांना शिकवता ती नव्हे. मी त्याच्या विमानाचा मेकॅनिक होतो, ही माझ्या डोळ्यांनी बघितलेली.

एकोणीसशे सोळा साल, जर्मनांशी व्हर्डनची लढाई. बर्तलो लांबून गोळी घालायचाच नाही. समोरच्याची मिशी दिसेस्तोवर जवळ जायचा. एकदा परत आला तर पुढच्या काचेवर केसांसकट चामडीचा तुकडा. चिंधीनं पुसता पुसता मी ओकलो.

"गास्पार, गाढवा, ओकतोस काय? माझं असतं तर?"

"तर जास्त ओकलो असतो, लेफ्टनंट साहेब."

खदाखदा हसला, आणि मग शेडमागे जाऊन स्वतःच ओकला. अशी आठ विमानं पाडली त्यानं.

त्याची बंदूक वरच्या पंखावर. तिच्या गोल डब्यात सत्तेचाळीस काडतुसं. एक जरी जाड निघालं तरी बंदूक अडकायची. म्हणून रोज सकाळी तो प्रत्येक काडतूस पितळी कडीतून घालून बघायचा. कडीत अडकलं की फेकलं. फेकलेली मी बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. त्यांतली दारू काढून आम्ही मेकॅनिक लोक सिगारेटचे लायटर करायचो, विमानतळावरचे सगळेच करायचे.

ऑगस्टात त्याचा वाढदिवस आला. म्हटलं, साहेबाला लायटर द्यायचा, तर फेकलेल्या मालाचा कसा द्यायचा? त्यानं मापून भरलेल्या बंदुकीच्या डब्यातनं मी दोन देखणी काडतुसं काढली. डबा हलका लागला तर त्याला लगेच कळलं असतं, म्हणून त्या जागी बिस्किटाच्या डब्यातली दोन भरली. आभाळ गच्च होतं, उड्डाण नव्हतंच. दुपारी दोन चांगली मापून बदलू म्हटलं.

अकराला ढग फाटले आणि दोन जर्मन विमानं थेट तळावर आली. बर्तलो दाढीचा फेस पुसत धावत आला.

"गास्पार, सगळी मापातली ना रे?"

"सगळी, लेफ्टनंट साहेब."

विमान सुरू करायला पुढचा पंखा मीच फिरवला. तोंड उघडायला वेळ होता, मास्तर. शिव्या खायची लाज वाटली.

पहिल्या जर्मनाला त्यानं आमच्या डोक्यावरच पेटवला. पेटता माणूस उडी मारून बटाट्याच्या शेतात आपटला, ढोपरापर्यंत मातीत रुतला. दुसऱ्याच्या पोटाखाली बर्तलो गेला, अगदी खेटून. तीन गोळ्या सुटल्या आणि बंदूक गप्प. मग तो उभा राहिला. विमान वळवायचा दांडा गुडघ्यात धरून लाकडी हातोडीनं बंदुकीवर ठोकत होता. ठक, ठक. खाली ऐकू येणं शक्य नाही म्हणाल, पण मला येत होतं. तोवर जर्मन वळून मागं आला.

विमान शेडमागे कोसळलं. मी पहिला पोचलो. जबडा उरला नव्हता. हातोडी मुठीत, बोटांची सालटी निघालेली. बंदुकीत जाड काडतूस रुतलं होतं. ते मी पकडीनं उपसलं आणि खिशात घातलं. मग बाकीचे आले. पेपरात छापून आलं, शत्रू जास्त होते.

लायटर तयारच होता. तो त्याच्या बहिणीला पाठवला, सिदोनीला. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती शेवंती घेऊन येते, त्याच लायटरनं कबरीवर मेणबत्ती लावते. मग माझे हात धरून म्हणते, "गास्पारदादा, तुम्ही होतात म्हणून तो इतके दिवस तरी जगला." अकरा वर्षं ऐकतोय.

हे ते काडतूस. घ्या, बघा हातात. परवा येतेय ती. मला सहीपलीकडे लिहिता येत नाही, आणि तिच्यापुढं तोंड उघडत नाही, त्या दिवशीसारखंच. कागद काढा, मास्तर. मी सांगतो तसं लिहा, गोडधोड काही घालू नका. आणि चिठ्ठी तुम्हीच तिच्या हातात द्या, तिनं मेणबत्ती लावायच्या आधी.