राखेतला नान

"कुणी कशी आहेस म्हणून विचारलं, की आधी शुक्र म्हणायचं, अल्लाचे आभार मानायचे. आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवायचं नाही."

आईला जाऊन जमाना लोटला होता, तरी दवाखान्यातल्या अरुंद टेबलावर पालथं पडलेल्या होसियतच्या कानात तिचाच आवाज होता. कमरेवरून काहीतरी गारगार फिरलं. डॉक्टर मीरवोहिद पडद्यावर तिच्या मणक्याची सावली न्याहाळत होता.

"खाला, श्वास कोंडू नका. मागच्या सुईने गुण आला होता ना?"

"शुक्र," ती उशीत पुटपुटली.

गुण आला नव्हता. मागच्या वेळीही त्याने असंच विचारलं आणि सवयीने तोंडातून शुक्र बाहेर पडलं. त्याने त्याचा अर्थ दुखणं थांबलं असा धरला. त्याचा चेहरा असा उजळला, की पुढचं सांगणं तिच्या जिवावर आलं. आणि मनात एक आशाही होती. दुसऱ्या सुईने थांबेल, मग खोटं आपोआप खरं होऊन जाईल.

"आजही मी बरं करत नाहीये, शोधतोय," सुई काढून तो म्हणाला. "मणक्याच्या सांध्याकडची बारीक नस थोडा वेळ बधिर केलीय. दुखणं तिथलंच असेल तर आता थांबेल आणि काही तासांनी परत येईल. म्हणून घरी जाऊन लोळायचं नाही. ज्याने दुखतं, नेमकं तेच करायचं आणि मी दवाखाना बंद करायच्या आत येऊन सांगायचं. आजही थांबलं, तर ती नस उष्णतेने जाळून टाकू. पुढे कितीतरी महिने आराम."

"आणि नाही थांबलं तर?"

"तर दुखणं दुसरीकडचं. नस जाळून उपयोग नाही. मग माझ्या हातात फारसं काही उरत नाही." तो हसला. "पण तुमचं तर थांबतंय."

होसियतने मान हलवली. कपाळ जमिनीला टेकून नमाज पढल्याला वर्षं झाली होती. स्टुलावर बसून, नुसतं वाकल्यासारखं करून ती उठायची. अल्लाला सगळं ठाऊक आहे, असं मनाला समजवायची. तरी जमिनीची ओढ काही सुटत नव्हती.

घरी सून झुल्हुमोरने तंदूर पेटवून ठेवला होता. पीठ मळायचं सुनेने आणि नान लावायचे सासूने, अशी वाटणी होती. तंदूर होसियतने अजून कुणाच्या हाती दिला नव्हता.

"ओयी, जरा टेका ना. आत्ताच सुई टोचून आलात," झुल्हुमोर म्हणाली. सासूला ती आईसारखंच ओयी म्हणायची.

"वाकून बघ म्हणालाय डॉक्टर. आण इकडे."

तिने बाहीवर जाड हातमोजा चढवला, कच्चा नान तंदुरात थापायच्या गोल गादीवर घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि तंदुरात वाकली. कमरेतून कळ निघाली ती थेट मांडीपर्यंत. तीच, रोजची, ओळखीची. हात तंदुराच्या आतल्या भिंतीपर्यंत पोचलाच नाही. नान राखेत पडला.

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या हातून नान पडला नव्हता. तिने तो उचलायला हात लांबवला, पण पाठ वळेना. झुल्हुमोरने चिमट्याने तो बाहेर काढला, फुंकर मारून राख झटकली, ओठांना लावला, कपाळाला लावला.

"किती दुखतंय?"

"शुक्र, बरं आहे."

"ओयी, हे शेजारणीला सांगा. मागच्या वेळी डॉक्टरला काय सांगितलं होतंत?"

होसियतने हातमोज्यावरचं पीठ झटकलं.

"शुक्रच म्हणालात ना? अहो, शुक्र अल्लासाठी असतं. डॉक्टरला दुखणं सांगायचं असतं. उद्या तो तुमची नस जाळेल आणि दुखणं आपलं जागच्या जागी."

"खरं सांगितलं तर दारच बंद होतंय, पोरी."

"ते दार तुमचं नव्हतंच, ओयी."

सून हे हळूच म्हणाली, पण म्हणाली. मग तिने तो अर्धाकच्चा, राखेने माखलेला नान पुढे धरला. "यावर हात ठेवा. खरं सांगाल?"

नानवर हात ठेवून खोटं बोललेलं माणूस होसियतने कधी पाहिलं नव्हतं. नान अजून ऊन होता. मग तिने त्यावर हात ठेवला.

"सांगेन."

तिने हातमोजा काढला, नीट सरळ केला आणि सुनेच्या हातात दिला.

"मला कुठं येतंय लावायला? सगळे राखेत पडतील."

"पडू देत. पडले तरी पायाखाली येऊ देऊ नकोस, म्हणजे झालं. पाण्याचा हात फिरव नानच्या पाठीवर, मग धरतात."

"थांबा, मी येते सोबत."

"तंदूर तापलाय. पीठ कुणासाठी थांबत नाही."

ओढणी डोक्यावर सारखी करून होसियत गल्लीत आली. एक हात मातीच्या भिंतीला धरून ती सावकाश निघाली. तुतीखालच्या बाकावरून शेजारच्या म्हातारीने हाक मारली, "कशी आहेस गं, होसियत?"

"शुक्र," ती म्हणाली आणि न थांबता दवाखान्याच्या दिशेने वळली.