गुरुजींच्या हातातली मेंढी

आमच्या वाचनालयातल्या गोष्टीच्या तासाला एकच नियम आहे. मूल मांडीवर घेऊन जो मोठा माणूस सतरंजीवर बसेल, त्यानं प्राण्याचा आवाज काढायचाच. मोठी माणसं लाजली की पोरंही गप्प बसतात, असं ग्रंथपाल रेश्माताईंचं म्हणणं. मी त्यांच्या मदतीला असते. दर शनिवारी आष्ट्याच्या त्या खोलीत सतरंजी अंथरायची, तान्ह्यांनी चघळलेली पुस्तकं पुसायची, हातात घालायचे कापडी प्राणी वाटायचे. ज्याच्या हातात जो प्राणी, त्याचा आवाज त्यानं काढायचा. वाटप माझ्याकडं, म्हणून नाथाजी गुरुजींना दर वेळी मेंढी मिळते.

निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचा सदरा, घरचा ऊस. गावात अजून लोक त्यांना वाकून नमस्कार करतात. नात राजेश्वरीला घेऊन ते पहिल्यांदा आले आणि दारात खाकरले, तेव्हा मी सतरंजीवरून उठून ताठ उभी राहिले. ते खाकरणं मी चौथीत असताना रोज ऐकलेलं. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही ओळख दिली नाही. सगळ्यांना म्हणते तसं ‘आजोबा’ म्हटलं आणि मेंढी हातात ठेवली.

माझं माहेर आटपाडीकडं. घरी मेंढरं. दिवाळी झाली की कळप घेऊन खाली कृष्णाकाठाला यायचं. त्या वर्षी माझी सुट्टी मागायला माझे वडील, आण्णा, शाळेत आले. दाराबाहेर पायताण काढून हात जोडून उभे राहिले. गुरुजी तेव्हा आमच्या शाळेवर होते. त्यांनी मला फळ्यापुढं बोलावलं आणि म्हणाले, मेंढरांच्या शाळेत निघालीस, तर तिथला पाठ म्हणून दाखव. मला काही कळेना. मग त्यांनी सरळच सांगितलं, मेंढीसारखी ओरड. मी ओरडले. अजून मोठ्यानं ओरड म्हणाले, तशी मोठ्यानं ओरडले. वर्ग हसला, त्याचं मला एवढं नाही. पोरं हसणारच. पण आण्णाही हसले. हात तसेच जोडलेले, आणि हसत होते. पुढं शाळा संपेपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं नाही, आणि ते का हसले हे आण्णांना कधी विचारलं नाही.

आता तुम्ही ओरडा, असं मनात म्हणत मी दर शनिवारी मेंढी द्यायची. वाघ दुसऱ्याला, बेडूक तिसऱ्याला. आणि हा माणूस खुशीत ओरडायचा! मान हलवून असं काही बेंऽऽ करायचा की राजेश्वरी टाळ्या पिटायची, तान्ही पोरंसुद्धा वळून बघायची. पुढं पुढं तर ते वेळेआधीच येऊन बसू लागले आणि मेंढी स्वतःच मागून घेऊ लागले. माझी शिक्षा त्यांना गोड लागली होती. मी घरी जाऊन भांडी आपटायची. ज्याला आठवतच नाही त्याच्यावर सूड कसा उगवायचा?

मग मी गोष्ट रचली. रेश्माताई अधूनमधून मलाही सांगू देतात. त्या शनिवारी मी सांगितलं की एक मुलगी होती, तिच्या घरी पुष्कळ मेंढ्या होत्या आणि तिच्या बाबांचा फेटा होता लाल. पोरांनी फेटा केवढा ते विचारलं, मी हात पसरून दाखवला. मग शाळा आली, मास्तर आले. बाबा हात जोडून दारात उभे राहिले तेव्हा गुरुजींनी माझ्याकडं नीट पाहिलं. मास्तर म्हणाले, ओरड मेंढीसारखी, असं म्हणून मी थांबले. सगळी पोरं गुरुजींकडं वळली, कारण मेंढी त्यांच्या हातात होती. त्यांनी मेंढीचा हात खाली घेतला. शेवटी पोरांनीच बेंऽऽ केलं. मी पुढं सांगितलं, सगळे हसले, मुलीचे बाबासुद्धा हसले.

राजेश्वरीनं विचारलं, “तिचे बाबा का हसले?”

“तुझ्या आज्जाला विचार. ते मास्तर हुते.”

तिनं मान वर केली. “आज्जा, का हसला तो?”

गुरुजींनी मेंढी हातातून काढून ठेवली. “भ्याला हुता,” ते म्हणाले. “मला भ्याला हुता.”

राजेश्वरी त्यांच्या मांडीवरून उतरली आणि शेजारच्या बाईंना चिकटून बसली. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

सगळे गेल्यावर ते थांबले. “बिरदेवची लेक स्वप्नाली न्हवं तू?”

“व्हय, गुरुजी.” इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना गुरुजी म्हटलं.

पोरांना हसवायला केलं होतं, माझ्या ध्यानातही नव्हतं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, बिरदेवच्या घरी जाऊन माफी मागतो. मला ते घर डोळ्यांपुढं दिसलं. आण्णा घोंगडं अंथरणार, चहा ठेवायला सांगणार, ‘जाऊ द्या गुरुजी’ म्हणून पुन्हा हात जोडणार. अपमान भर वर्गात आणि माफी चार भिंतींत, असं मी होऊ देणार नव्हते.

“घरी नगं,” मी म्हणाले. “शनिवारी हितंच या. आण्णांना मी बोलवून घेते. मेंढी तुमच्याकडंच असंल.”

रात्री आण्णांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी एसटी कितीला सुटते एवढंच विचारलं.

शनिवारी आण्णा भिंतीला टेकून बसले, लाल फेटा बांधून. गुरुजी येणार नाहीत असं मला वाटत होतं, पण राजेश्वरीनं त्यांना बोटाला धरून ओढत आणलं. मी मेंढी दिली. त्यांनी ती हातात घातली आणि ओरडले. आवाज चिरका आला. पोरं खदखदून हसली, आयाही हसल्या. आण्णा हसले नाहीत. हात गुडघ्यांवर ठेवून गुरुजींकडं एकटक बघत राहिले. पोरांचं हसू विरलं तरी बघतच होते.

मग गुरुजीच हसले. ओठ ताणून, मान खाली घालून. आण्णा त्या दिवशी शाळेच्या दारात जसे हसले होते, तसे. राजेश्वरीनं आज्जाकडं पाहिलं, आण्णांकडं पाहिलं. आज्जा का हसला, हे तिनं या वेळी विचारलं नाही.