आवाज नसलेली गाडी

मी बोलतेय याचं तुम्हाला नवल वाटेल, कारण ज्यांनी मला चालवलं त्यांची एकच तक्रार असायची, की ही गाडी बोलतच नाही. मी विजेवर चालणारी, दोन माणसांची, बुटकी गाडी. घरघराट नाही, धूर नाही. चावी फिरवली की आत कुठंतरी टक्क होतं आणि मी निघते. रस्त्यावरची माणसं दचकून बाजूला व्हायची आणि मागून मला शिव्या घालायची.

म्हणून कारागिरांनी माझ्या तळाच्या फळीखाली एक पितळी घंटा बसवली. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाशी खटका. तो दाबला की लहानसा हातोडा घंटेवर आपटायचा. माझा आवाज काय तो तेवढाच, पण मला त्याचा भारी तोरा होता.

मला विकत आणलं ते कापडगिरणीत माग दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीनं. मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्याचे कान निम्मे गेले होते. बहिऱ्या माणसाला मुकी गाडी! घरचे म्हणायचे, जोडा छान जमला. घंटा त्याला स्वतःला ऐकू यायची नाही, म्हणून तो ती जरा जास्तच जोरात दाबायचा, दोनदा, कधी तीनदा.

घरात त्याची बायको, सहा वर्षांची ताई आणि पाळण्यातली धाकटी. ताई माझ्या सीटमागच्या फळीवर पाय पोटाशी घेऊन बसायची. तिथं खाली बॅटऱ्या होत्या, चार्जिंगला लावलं की फळी कोमट व्हायची. "गाडीला ताप आलाय," असं ती येईल त्याला सांगायची.

धाकटी झोपेची अगदी कच्ची. मिस्त्री दुपारच्या पाळीला निघाला की मला अंगणातून मागे घ्यायचा, घंटा ठणठणायची आणि नुकतंच निजलेलं बाळ किंचाळून उठायचं.

"अहो, जरा हळू दाबा की!"

"हळूच दाबली!" तो ओरडून सांगायचा, आणि मग बाळ आणखी रडायचं.

एका दुपारी तो जेवत असताना बायको बाहेर आली. तळाची फळी उचलून तिनं घंटेच्या वाटीत एक फडकं कोंबलं आणि फळी पुन्हा बसवली. "आजच्या दिवस," ती स्वतःशीच म्हणाली. "संध्याकाळी काढून टाकते." नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं वाद घातला असता, तोही ओरडून.

अर्ध्या तासानं तो येऊन बसला. त्यानं घंटा दाबली. दोनदा दाबली, माझ्याशिवाय हे कुणाला माहीत असणार? हातोडा फडक्यावर आपटला आणि मी मुकाट्यानं मागे सरकले. ताई माझ्या मागे जमिनीवर बसून खडूनं काहीतरी काढत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

पुढचं मी सांगणार नाही.

शेजारी म्हणाले, घंटा वाजलीच नाही. ते खोटं बोलत नव्हते. मिस्त्री म्हणाला, मी दाबली होती. लोक खाली मान घालून निघून गेले. महिन्याभरात तोच चाचरायला लागला. दाबली असेल ना? की त्याच दिवशी विसरलो?

माझ्या बॅटऱ्या काढून टाकल्या आणि मला स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत ताडपत्रीखाली ढकललं. मधे एक भिंत. जेवायला बसले की रोज तो मोठ्यानं विचारायचा, "मी दाबली होती का गं?" पहिल्या दिवशी तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं. मग तिचं उत्तर ठरून गेलं, "मला नाही आठवत." त्यानंतर तिच्या ताटाचा आवाज यायचा थांबायचा.

शेहेचाळीस वर्षं मी हे ऐकलं. कधी कधी ती माझ्या खोलीच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची. मला वाटायचं, आज येईल, आज ते फडकं काढेल. ती परत फिरायची. मला तिचा फार राग यायचा. गेल्या वर्षी ती तशीच गेली.

आणखी एक सांगते, विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्यात बॅटऱ्या नव्हत्या, खोलीला ऊन नव्हतं, तरी दुपारच्या पाळीच्या सुमाराला सीटमागची फळी कोमट व्हायची. अगदी एका लहान मुलीपुरती.

बायको गेल्यावर म्हातारा जेवेना. एक दिवस त्यानं धाकटीला जवळ बसवलं. ती आता सत्तेचाळीसची, लिफ्ट दुरुस्त करते, हाताला बापाचंच वळण. तो म्हणाला, "ती गाडी उघड. मला घंटा बघायची आहे. ती बिघडलेली असली तर माझी चूक नाही. चांगली असली तर मी विसरलो. जायच्या आधी मला कळायला हवं."

धाकटीनं मला उघडलं. गंज घासला, मोटरचे ब्रश बदलले, कुजलेल्या वायरी ओढून काढून नव्या घातल्या. म्हातारा स्टुलावर बसून हुकूम सोडायचा आणि ती नेमकं उलटं करायची. बापलेक पुन्हा भांडायला लागले, तो पुन्हा जेवायला लागला. एकदा फळीवर हात टेकताच तिनं तो झटकन उचलला. बंद खिडकीकडे पाहिलं.

घंटा तिनं शेवटी ठेवली होती. तो दुपारचा डुलक्या घेत असताना तिनं तळाची फळी काढली. घंटेत बाळाच्या दुपट्याचा तुकडा होता. कडेनं बारीक दुहेरी शिवण. उसवलेलं काही आईला खपत नसे, फडक्यालासुद्धा ती शिवण घालायची. धाकटी ते हातात धरून खालीच बसली. दुपटं कुणाचं होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तीन दिवस ते तिच्या खिशात राहिलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला समजत होतं. बोललं तर बाप सुटेल आणि आई अडकेल, तीही मेल्यानंतर. मी आतल्या आत ओरडत होते, सांग, अगं सांग!

चौथ्या दिवशी म्हाताऱ्यानंच विचारलं, "घंटा चांगली निघाली ना? मला झुलवू नकोस, बाळ. चांगली असली तर चांगली म्हण."

तिनं तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, घंटेत हे होतं. कोंबलेलं."

त्यानं शिवणीवरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ तो तेवढंच करत राहिला.

"म्हणजे मी दाबली होती."

"हो, बाबा."

त्याचा चेहरा क्षणभर मोकळा झाला. मग बघता बघता उतरला. "आणि मी तिलाच विचारत राहिलो," तो म्हणाला. "रोज. ताटावर बसवून."

"माझ्यामुळे, बाबा. मी उठू नये म्हणून—"

"तू झोपली होतीस," तो ओरडला. "तुझं यात काही नाही!"

आता मी धावते. नवीन बॅटऱ्या आहेत, ब्रेक चोख आहेत. पहिल्या दिवशी म्हातारा चालवायला बसेना. बायको बसायची त्या बाजूला बसला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "अगं, आता नाही विचारणार." माझा राग तिथंच संपला. इतकी वर्षं तिच्या घशाखाली घास कसा उतरला असेल, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

धाकटी मला रोज दुपारी बाहेर काढते. आधी खाली उतरते, माझ्या मागे जाते आणि रिकाम्या जमिनीकडे बघून हळूच म्हणते, "ताई, बाजूला हो." मग थोडा वेळ थांबते.

माझं एवढंच मागणं आहे. उद्या मी तुमच्या हाती आले, तर तुम्हीही थांबा. तिला उठायला जरा वेळ लागतो.