मोडलेल्या ठेवीचा चमत्कार

सकाळचे अकरा वाजले की इस्पितळाच्या तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नसे. साठ-सत्तर नातेवाईक, प्रत्येकाच्या हातात बिल. मग दार उघडायचं, मोठे डॉक्टर खुर्चीत बसायचे आणि चमत्कार सुरू व्हायचा.

डॉक्टर फाइल उघडून क्षणभर बघायचे, बंद करायचे आणि तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. "आकडा मी सांगत नाही हो," मधाळ आवाजात म्हणायचे, "तुमचं दुःखच मला आकडा सांगतं." त्या दिवशी पहिल्याच माणसाचं सात लाखांचं बिल एक लाख दहा हजारांवर आलं. गंमत म्हणजे, त्या माणसाकडे नेमके तेवढेच होते! "अंतर्यामी आहेत!" म्हणत त्याने पायांवर लोळण घेतली. सगळं देऊन टाकल्यावर माणसाला एवढा आनंद होतो, हे रांगेतल्या एका शिंपिणीला प्रथमच कळलं.

शिंपीण रांगेत नववी होती. पित्ताशयातले खडे काढलेली तिची आई तिसऱ्या मजल्यावर. टाके सुकले होते, पण नऊ लाख साठ हजार भरल्याशिवाय तिला सोडणार नव्हते. शिंपिणीकडे होती दुकानाची एक खोली. ती विकली तर खायचं काय, या घोराने आठ दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेजारी आत्या उभी होती, दोन्ही हातांत चार-चार बांगड्या घालून. चारचौघांत आपण कमी दिसायचं नाही, एवढंच आत्याला आयुष्यात ठाऊक.

"रडवेलं तोंड करू नकोस," आत्या कुजबुजली. "देवमाणूस आहे तो."

नंबर आला. तळहात ठेवला गेला. "तीन लाख चाळीस हजार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

शिंपीण चमकली. हा आकडा तिच्या ओळखीचा होता. बाबांची ठेव! दोन वर्षांपूर्वी भावाचा धंदा बुडाला तेव्हा मोडलेली, पै न पै संपलेली.

"आत्या, ठेवीचं कुणाला बोललीस?"

"अगं, त्या इस्पितळातल्या सेवाताई... पहिल्या दिवशी चहा घेऊन आल्या. किती मायेनं विचारलं, कमावतं कोण, गाठीला काय. त्यांच्यापुढे कंगाल म्हणून घेऊ का? सांगितलं ठोकून, तीन लाख चाळीस हजारांची ठेव आहे म्हणून!"

शिंपिणीने टेबलावरची फाइल ओढलीच. बिलाखाली एक गुलाबी कागद. तिने खणखणीत आवाजात वाचला, "ठेव, तीन लाख चाळीस हजार. दुकान स्वतःचं. आत्याच्या बांगड्या आठ, खऱ्या असाव्यात." मग डॉक्टरांकडे वळली. "ही ठेव कधीच संपली हो! जे पैसे नाहीतच, ते तुमच्या अंतर्ज्ञानाला दिसले कसे?"

डॉक्टरांच्या आवाजातला मध आटला. "श्रद्धा नाही तिथे सवलत नाही. पूर्ण नऊ लाख साठ हजार भरा."

त्याहून वाईट म्हणजे रांगच चवताळली. "ए बाई, बाजूला हो! आमचं कमी होऊ दे, मग काय ती भाषणं ठोक." कुणीतरी ओरडलं, "हातभर सोनं घालून गरिबीची नाटकं!"

शिंपिणीने आत्याचं मनगट धरलं.

"लोकांसमोर नको गं," आत्या गयावया करू लागली. "पाया पडते तुझ्या."

शिंपिणीने बांगडी ओढून काढली आणि टेबलाच्या दगडी कडेवर खसाखसा घासली. मुलामा उडाला, खालचं तांबं उघडं पडलं. आत्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शिंपिणीला स्वतःची लाज वाटली, पण ती थांबली नाही.

"तुमच्याकडेही आल्या होत्या ना सेवाताई, चहा घेऊन? काय सांगितलंत?"

एक लाख दहा हजारवाला चाचरत म्हणाला, "मी म्हटलं होतं... दुचाकी विकून, अंगठी मोडून... एक लाख दहा होतील."

मग एकेक हात आपापल्या फाइलीकडे वळला.

"मी शिलाईचे दर दारावर लिहिते," शिंपीण म्हणाली. "माप अंगाचं घेते, पाकिटाचं नाही. जास्त लावले तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं, म्हणून ताळ्यावर असते. समोरच्या छोट्या दवाखान्यात याच ऑपरेशनचा दर दारावर लिहिलाय, औषधांसकट ऐंशी हजार. आईचं ऑपरेशन करणारा सर्जनही तोच, संध्याकाळी तिथे जातो! इथे आधी दर विचारला तर म्हणतात, जिवाची किंमत करता का? अहो, जिवाची नाही, टाक्यांची विचारतेय!"

व्यवस्थापक धावत आला. गुलाबी कागद आणखी कुणी वाचण्याआधी त्याला ही बाई दाराबाहेर हवी होती. शिलाईचं एक मशीन विकून आणि उसनवारी करून तिने आणलेले ऐंशी हजार त्याने निमूट घेतले. आई दुपारी घरी आली आणि दुकानाची खोलीही वाचली.

डॉक्टरांची खुर्ची अजून तिथेच आहे. सेवाताई आता चहाबरोबर पासबुकही मागतात. आत्या भाचीशी बोलत नाही. बाकी सगळ्यांना मात्र सांगते, "डॉक्टरांनी हात ठेवला आणि नऊ लाख साठ हजारांचे ऐंशी हजार झाले!" ऐकणारे हात जोडतात.

तुम्ही जोडू नका. पायरी चढण्याआधी दर विचारा, लेखी मागा, शेजारच्या दवाखान्यातही विचारा. मत मागायला येईल त्यालाही विचारा, की दर दारावर लावायचा नियम पाळला का जात नाही. आणि बिल कमी करणाऱ्याच्या पाया पडण्याआधी, ते वाढवलं कुणी, एवढं तरी विचारा.